कोनादूच्या मयताला सगळे आले

अमेरिकेतल्या वूस्टर शहरातल्या आम्हा घानावाल्यांत कोनादूला न ओळखणारा माणूस म्हणजे एकतर कालच विमानातून उतरलेला, नाहीतर केंके न खाणारा. यातला दुसऱ्या प्रकारचा माणूस अजून कुणाच्या पाहण्यात आलेला नाही.

दर शनिवारी सकाळी तिच्या लाकडी घराच्या मागच्या दाराशी रांग लागायची. बर्फ असो, पाऊस असो, रांग चुकायची नाही. केंके म्हणजे मक्याचं पीठ आंबवायचं, अर्धं शिजवायचं, हाताने मळून त्याचे गोळे कणसाच्या पानांत घट्ट बांधायचे आणि उकडायचे. सोबत शितो, म्हणजे काळीकुट्ट तिखट चटणी, आणि तळलेला मासा. फांती बायका कुरकुरायच्या की केंके हे समुद्रकाठच्या लोकांचं काम, आतल्या मुलखातल्या मामपोंगच्या अशांती बाईने त्यात हात घालू नये. कुरकुरायच्या आणि सहा-सहा घेऊन जायच्या.

बाकीचा आठवडा कोनादू एका वृद्धाश्रमात गोऱ्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. त्यातला एकजण तिला रोज विचारायचा, "तू नवीन का गं?" ती रोज हो म्हणायची. उगाच वाद कशाला?

एवढ्यावर कोनादूचं चरित्र संपलं असतं. पण तिच्या स्वयंपाकघरात, साखरेच्या मागे, मायलोचा, म्हणजे दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा, एक जुना डबा होता, आणि त्यात मायलो नव्हता.

त्याचं असं झालं. ती इथे येऊन थोडी स्थिरावली होती, नवरा ओपोकू टॅक्सी चालवत होता, आणि एका हिवाळ्यात तिला न्युमोनिया झाला. दवाखान्यात रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. ओपोकूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बॅग भरून घानात मामपोंगला गेला आणि दीड वर्षात तिथेच वारला. घरच्यांनी साखरेने गेला म्हणून सांगितलं. आमच्याकडे त्या आजाराने कुणीच मरत नाही. माणसं साखरेने मरतात, रक्तदाबाने मरतात, चुलतभावाने केलेल्या करणीने मरतात.

कोनादू मात्र मेली नाही. डब्यातली गोळी रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची आणि कामाला जायची. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून नीट समजावलं होतं: गोळी नियमित घेतलीस तर रक्तात तो विषाणू शोधून सापडणार नाही, तुझ्यापासून कुणाला व्हायचा नाही, आणि स्वयंपाकातून तर तो कधीच कुणाला झालेला नाही, गोळी घे की न घे. कोनादूला हे पटलं. प्रश्न कोनादूला पटण्याचा नव्हताच, वूस्टरला पटण्याचा होता. मागे सेर्वा नावाच्या एका मुलीबद्दल कुणीतरी कुजबुजलं की तिला तो आजार आहे. झालं! तिच्या घरी कुणी पाणी पिईना. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच. शेवटी बिचारी ओहायोला निघून गेली. तिला आजार होता की नव्हता, ते अजून कुणाला माहीत नाही आणि विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

जिच्या घरचं पाणी चालत नाही, तिच्या हातचं केंके कोण खाणार? म्हणून अकरा वर्षं कोनादू गप्प राहिली.

ती गप्पच राहिली असती, पण आफ्रियेने घोळ केला.

आफ्रिये म्हणजे तिची मैत्रीण, वयाने बारा-तेरा वर्षांनी लहान. या देशातला पहिला हिवाळा, ओपोकू यायच्या आधी, दोघींनी एका खोलीत, एका गादीवर काढलेला. दोघींत मिळून एकच जाड कोट होता, म्हणून कामाच्या पाळ्याही वेगवेगळ्या घेतलेल्या. सख्ख्या बहिणी काय करतील एवढं दोघींनी एकमेकींचं केलेलं. या उन्हाळ्यापासून आफ्रिये वाळायला लागली. ताप यायचा, जायचा. पाठीवर एका बाजूला नागीण उठली. तोंड आलं की पंधरा दिवस जायचं नाही. शितो बघूनच डोळ्यांत पाणी आणायची. कोनादूला हे सगळं पाठ होतं. एकेक पायरी तिने स्वतः उतरलेली होती.

"अगं, रक्त तपासून घे," कोनादू म्हणायची.

"तपासलं की. कमी आहे म्हणाले. पालक खा म्हणाले."

"सगळं तपासलं का?"

"ताई, रक्त काय किलोवर असतं? जेवढं काढलं तेवढं तपासलं."

कोनादूने एकदा तिला सांगायचं ठरवलं. चहा केला, डबा खाली काढला, टेबलावर ठेवला. आफ्रिये म्हणाली, "मायलो नको, मळमळतंय." कोनादूने डबा परत ठेवून दिला. सांगावं तर शनिवारची रांग जाणार. आणि आफ्रिये मनाची कितीही चांगली असली तरी पोटात काही राहायचं नाही तिच्या. न सांगावं तर आफ्रियेच जाणार. रात्रंदिवस बाईचा जीव टांगणीला लागला होता. चेहऱ्यावर मात्र काही दिसायचं नाही. वृद्धाश्रमात तसा नियमच होता.

नेमकी याच सुमारास ब्रिजेट उगवली.

ब्रिजेट म्हणजे शहरातल्या एका लहानशा संस्थेतली लाल गालांची गोरी बाई. आफ्रिकेतून आलेल्या बायकांना एचआयव्हीपासून वाचवायचं हे तिचं काम. बाई मनाने सोन्यासारखी, मेहनतीलाही कमी नाही, पण यश म्हणून येत नव्हतं. आधी तिने आमच्या बोआतेंगच्या वाणसामानाच्या दुकानासमोर मोफत तपासणीची गाडी आणून उभी केली. त्या दिवशी आमच्या बायका वीस मिनिटं गाडी हाकून दुसऱ्या दुकानात रताळी आणायला गेल्या, न जाणो आपली मोटार तिच्या गाडीशेजारी कुणी पाहिली तर! मग तिने पत्रकं छापली. त्यावर जिराफ होता. आमच्यातल्या कुणीही जिराफ पाहिलेला नव्हता. त्यानंतर ग्रंथालयात वर्ग घेतला, तीन बायका आल्या. ब्रिजेटने एका राजेळी केळ्यावर कंडोम चढवून दाखवला. बायकांनी अगदी मन लावून पाहिलं आणि मग पुढचा अर्धा तास असं भरदार केळं तिला कुठे मिळालं आणि काय भावाने, यावर चर्चा केली.

मग ब्रिजेटच्या साहेबांनी फर्मावलं की कार्यक्रम संस्कृतीला धरून करा. संस्कृती आणायची कुठून? ब्रिजेटने दुकानात विचारलं, दुकानदाराने कोनादूचं घर दाखवलं.

"माझ्या सल्लागार व्हाल का?" ब्रिजेटने विचारलं.

कोनादू चटकन हो म्हणाली. तिचा हिशेब साधा होता. सगळ्या बायका एकत्र आल्या, सगळ्यांनी हात पुढे केला, तर त्या गर्दीत आफ्रियेचाही हात पुढे येईल. कुणाला काही सांगायला नको, डबाही खाली काढायला नको.

सल्लागारांची बैठक झाली. बैठकीत ठरलं की आजाराचं नाव कुठेच छापायचं नाही, बायका बिचकतात. ओळखीचा, विश्वासाचा चेहरा छापायचा. जागा चर्चचा हॉल, वार शनिवार, वेळ दुपारची, आणि जेवण. जिराफ नको. कोनादूने सगळ्याला मान डोलावली. चेहरा तिचाच ठरला. फोटो चांगला यावा म्हणून ती आपली सगळ्यात भारी वस्त्रं नेसून गेली, डोक्याला त्याच कापडाची पट्टी बांधली. आमच्यात बाईची सगळ्यात भारी वस्त्रं कुठल्या प्रसंगासाठी शिवलेली असतात, हे सल्लागारीणबाईंच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही.

ब्रिजेटच्या ऑफिसातल्या मुलाने पोस्टर केलं. त्या आजाराची खूण म्हणजे लाल फीत, म्हणून कोपऱ्यात लाल फीत. लालवर उठून दिसावं म्हणून मागे काळा रंग. मधोमध गोल चौकटीत कोनादूचा फोटो, भोवती पांढरी फुलं. खाली मोठ्या अक्षरांत तिचं पूर्ण नाव, त्याखाली शनिवार, वेळ, चर्चचं नाव. शेवटी, "सर्वांनी यावे. भोजनाची सोय आहे."

ब्रिजेटने ते मंजुरीसाठी फोनवर पाठवलं तेव्हा कोनादूचे दोन्ही हात पिठात होते. नाकाच्या शेंड्याने तिने फोन उघडला, काहीतरी काळं-लाल दिसलं, आपला फोटो दिसला. "छान," असं बोलून तिने निरोप पाठवून दिला.

शुक्रवारी दुपारी ते पोस्टर दुकानात, वेण्या घालणाऱ्या बाईकडे आणि चर्चच्या फळ्यावर लागलं.

आता आमच्याकडे माणूस गेलं की पहिलं काय होतं? पोस्टर लागतं. काळं-लाल. फोटो, फुलं, नाव, शनिवार, हॉल, जेवण. कशाने गेलं ते कधीच लिहीत नाहीत.

बोआतेंगने पोस्टर वाचलं आणि गल्ल्यावरच बसकण मारली. वेण्या घालणारीने अर्धं डोकं तसंच सोडलं. ग्लॅडिस, म्हणजे चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, जिला शहरातली कुठलीही बातमी दुसऱ्याकडून कळलेली खपत नाही, तिने पोस्टरचा फोटो काढून रडक्या तोंडांच्या चित्रांसकट सगळीकडे पाठवला. संध्याकाळपर्यंत बातमी न्यूजर्सीला होती, अंधार पडायच्या आत मामपोंगला. तिथे कोनादूच्या भावाने देह कुणाच्या अंगणात उतरवायचा यावरून मामाशी भांडण उकरून काढलं.

आणि कुणी कोनादूला फोन केला का? नाही केला. मयताची चौकशी आमच्याकडे फोनवर करत नाहीत, वाईट दिसतं. शिवाय करणार कुणाला? एकटी बाई. "तू गेलीस म्हणे, खरं का?" असं तिलाच विचारायचं? आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बिरागो आजींनी तेवढा आपल्या मुलाला तिच्या घरी पाठवला. घराला कुलूप, आत अंधार. म्हणजे खरंच गेली. त्या वेळी कोनादू वृद्धाश्रमात दोन पाळ्या जोडून करत होती, फोन कपाटात बंद होता आणि तो म्हातारा तिला तू नवीन का म्हणून विचारत होता.

कशाने गेली यावर फोनवर पुष्कळ लिहिलं गेलं. कामाने झिजली. दाब वाढला. फांती लोकांच्या कामात हात घातला. ग्लॅडिसने लिहिलं, "मेलेल्या माणसाबद्दल मी काही बोलत नाही. पण नवरा कसा गेला ते ज्याने त्याने आठवावं."

शनिवारी कोनादू पाळी संपवून घरी आली, दाराशी रांग नव्हती, आज केंके हॉलमध्ये म्हणून असेल असं समजून फोन न बघताच थोडी पडली, गुरुवारी करून ठेवलेले केंकेचे दोन मोठे टोप गाडीत घातले आणि हॉलच्या मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरली. दार वाहनतळाच्या बाजूला, त्यामुळे पुढचं तिला काहीच दिसलं नाही. तिने एप्रन चढवला, केसांवर जाळी ओढली, चूल पेटवली आणि मासे पिठात घोळवून तळायला घेतले. पुढे हॉलमध्ये ब्रिजेटने खुर्च्या मांडल्या होत्या, आणि दारासमोर तिकाटण्यावर कोनादूचा तो फोटो, दाराएवढा मोठा करून. शेजारी फुलदाणी. मग ब्रिजेट तपासणीची खोकी आणायला गाडी घेऊन ऑफिसात गेली.

वेळेच्या आधी आली ती आफ्रिये. अर्थात. जवळचं माणूस आधी येतं.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये वाढायची खिडकी होती, तिची फळी अर्धी वर होती. कोनादूला आधी आवाज आला, हुंदक्याचा. मग फटीतून दिसली काळ्या वस्त्रांतली आफ्रिये, डोक्याला लाल पट्टी. खांदे असे बाहेर आलेले, की वस्त्र नुसतं खुंटीला टांगल्यासारखं. कुणाचं मयत आहे आज, कोनादूच्या मनात आलं, आणि मला कसं कुणी कळवलं नाही?

आफ्रिये फोटोसमोर उभी राहिली. आमच्यात मेलेल्याशी बोलतात. निरोप देतात, रागावतात, उरलेलं सांगून टाकतात.

"कोनादूताई," आफ्रिये म्हणाली, "शहाणी आहेस. मला न सांगता गेलीस. आता माझं कोण आहे या बर्फात? कोट कुणाचा घालू मी?"

कोनादूच्या हातात झारा होता. तो हातातच राहिला.

"आता ऐक. आईला भेटशील ना, तिला माझा नमस्कार सांग. पण माझ्याबद्दल काही बोलू नकोस, ती तिथेही रडत बसेल. ताई, मला तो आजार आहे गं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्यात. आणायला गेले तर औषधाच्या दुकानात समोर ग्लॅडिसची पोरगी उभी. खोकल्याचं औषध घेऊन परत आले." ती नाक पुसायला थांबली. "तुला सांगायला किती वेळा आले मी. तुझ्या टेबलाशी बसायचे आणि तुझे हात बघत राहायचे. वाटायचं, हिला सांगितलं तर ही मला पुन्हा आपल्या टोपांना हात लावू देणार नाही. लोक खातात ना तिच्या हातचं, ती तरी काय करणार? म्हणून नाही सांगितलं. तिथे माझ्यासाठी जागा धरून ठेव. मी फार उशीर नाही करत."

कोनादूने झारा खाली ठेवला. इतकी वर्षं जी भीती आपली एकटीची म्हणून तिने साखरेच्या मागे लपवली होती, तीच भीती ही पोरगी समोर बसून, तिच्याच हातांकडे बघून गिळत होती. कोनादूला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला, स्वतःचा. तिने फळी वर ढकलली.

"तिथे जागाबिगा नाही," ती म्हणाली. "आणि आईला तुझा नमस्कार तूच सांग. मी कुठेही जात नाहीये."

आफ्रियेने फोटोकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोनादू, डोक्याला जाळी, कोपरापर्यंत पीठ. आफ्रियेने जी किंकाळी फोडली, ती वाहनतळापर्यंत गेली, आणि मग ती फुलदाणीसकट खाली बसली.

किंकाळी ऐकून बाहेरचे सगळे आत घुसले. कोण कोण आलं होतं! दीडशे माणसं असतील. काळी वस्त्रं, लाल वस्त्रं, खांद्यावर पदर टाकलेले पुरुष, ढोलवाले दोघे, प्रवचन खिशात घालून आलेले पाळकसाहेब. जिथे रक्त तपासायला तीन बायका जमत नव्हत्या तिथे तिला पोचवायला अख्खी वस्ती जमली होती. सगळ्यांनी फोटोतली कोनादू पाहिली आणि खिडकीतली पाहिली. ढोलवाल्यांपैकी एकजण दाराबाहेर पळाला, तो त्या दिवशी परत आला नाही.

"तू मेलेली नाहीस?" बिरागो आजींनी विचारलं. आजींचं वय एक्क्याऐंशी. विचारताना आवाजात जरा तक्रार होती, चार मैल आल्या होत्या.

"नाही, आजी."

"मग हे काय?"

कोनादू बाहेर आली, फोटोसमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते पोस्टर नीट पाहिलं. "अरे देवा," ती म्हणाली. मग तिने सांगितलं की ही बायकांच्या आरोग्याची सभा आहे, रक्त तपासायचंय, त्या आजारासाठी. पोस्टरमध्ये चूक तिचीच. केंके आहे, बसा.

कुणी बसलं नाही. कारण तेवढ्यात ग्लॅडिस बोलली. आफ्रियेच्या पाठोपाठ तीही दारापर्यंत आली होती आणि दारातच थांबली होती, कान देऊन.

"आजाराचंच निघालंय तर सांगते," ग्लॅडिस म्हणाली. "ही आफ्रिये आत्ता फोटोला काय सांगत होती, मी ऐकलंय. हिला आहे तो. स्वतःच्या तोंडाने म्हणाली."

आफ्रिये अजून जमिनीवरच होती, मांडीवर फुलं. तिने मान वर केली नाही. तिच्या आसपासच्या बायका एकेक पाऊल मागे झाल्या. कुणी ठरवून केलं नाही, पाय आपोआपच मागे गेले. ग्लॅडिसने आपली खुर्ची उचलून भिंतीकडे नेली. हॉलमध्ये मधोमध एक मोकळं रिंगण झालं आणि त्यात आफ्रिये एकटी. कोनादूला सेर्वाचा बाक आठवला.

ती रिंगणात गेली आणि आफ्रियेशेजारी जमिनीवर बसली. गुडघे दुखत होते, सावकाश बसली.

"ग्लॅडिस, खुर्ची हलवतेस? हलव," ती म्हणाली. "पण मग पुरती हलव. मलाही आहे तो. अकरा वर्षं झाली. आणि ही अकरा वर्षं दर शनिवारी माझ्या हातचे चार केंके नेतेस तू, जास्तीच्या शितोसकट. ओकायचं असेल तर बाहेर जाऊन ओक. हॉल साफ करून परत द्यायचाय."

पाळकसाहेबांनी प्रवचन काढलं, चाळलं, त्यात यावर काही नव्हतं. आफ्रिये कोनादूकडे बघत होती. फोटोकडे बघून रडली नव्हती एवढी आता रडायला लागली.

"ताई, मायलोचा डबा..." ती म्हणाली.

"हो. त्यात मायलो नाहीये. त्या दिवशी गप्प बसून प्यायली असतीस तर एवढ्या लोकांना त्रास झाला नसता."

बिरागो आजी काठी टेकत पुढे आल्या.

"अकरा वर्षं?"

"अकरा, आजी."

"आणि मळायचीस हातानेच? हातमोजे न घालता?"

"हातानेच."

आजींनी विचार केला. आजींचा विचार करतानाचा चेहरा सगळ्यांना दिसत होता, त्यामुळे सगळेच थांबले. "मग मला अजून व्हायचाय कधी?" आजी म्हणाल्या. "मी एक्क्याऐंशीची आहे. आता घाई करायला सांगा त्याला." मग खुर्ची ओढून त्या रिंगणात, दोघींच्या शेजारी बसल्या. "दोन आण. मासा भाजलेला नको, तळलेला."

सगळंच गोड झालं असं मी म्हणणार नाही. पाळकसाहेबांच्या पत्नी उठून गेल्या, त्यांच्यामागे तीस-चाळीस माणसं गेली. ग्लॅडिस गेली नाही, पुढे काय होतं ते बघायचं होतं तिला; पण खाल्लंही नाही. उरलेल्या बायका चुळबुळत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, एवढं आवरून-सावरून आलोय. दुसरी म्हणाली, आलोच आहोत तर. या काळ्या-लाल गर्दीत कोण कशासाठी रांगेत उभी आहे ते बाहेरून कुणाला कळणार नव्हतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

याच वेळी ब्रिजेट खोकी घेऊन आत आली. दाराशीच थबकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्याजणी आपल्या फितीचे रंग घालून आल्यात!" ती म्हणाली. कोनादूने तिला काही सांगितलं नाही. बाई आनंदात होती.

त्या दुपारी मागच्या खोलीत सत्तरच्या आसपास बायकांनी बोट टोचून घेतलं. ज्यांचे नवरे वर्षातून दोनदा घानाला जाऊन येतात, त्यातल्या काहींनी आजार होऊच नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळीचीही हळूच चौकशी केली. आफ्रियेच्या गोळ्या टपालाने घरी येतील अशी व्यवस्था ब्रिजेटने लावली, ग्लॅडिसच्या पोरीच्या काउंटरवर जायला नको. ब्रिजेटच्या अहवालात कार्यक्रम पूर्ण यशस्वी असं लिहिलंय म्हणे. दुसऱ्या शहरातून त्यांच्या पद्धतीची विचारणाही झाली. मामपोंगला मात्र भाऊ आणि मामा अजून बोलत नाहीत.

कोनादू घरी गेली ती एकच गोष्ट मनात घेऊन: पुढच्या शनिवारी मागच्या दाराशी कोण उभं राहील?

गुरुवारी आफ्रिये आली. कोनादू पीठ मळायला बसली होती. टोप दोघींच्या मध्ये होता. आफ्रिये नेहमीसारखी टेबलाशी बसली आणि तिच्या हातांकडे बघत राहिली.

"बघत काय बसलीस?" कोनादू म्हणाली. "हात धू आणि घाल आत."

"ताई, लोक..."

"पीठ गार होतंय."

आफ्रिये उठली. तिने हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, पुन्हा पुन्हा, शेवटी कोनादूनेच नळ बंद केला. मग तिने हात टोपात घातले. कितीतरी वेळ ती नुसतेच हात आत ठेवून उभी राहिली. कोनादूने तिच्याकडे बघितलं नाही. मिठाची बरणी पुढे सरकवली.

शनिवारी सकाळी बर्फ पडत होता. कोनादूने मागच्या दाराची कडी काढली. रांग होती. निम्मी होती, पण होती. सगळ्यांत पुढे बिरागो आजी, काठीला पिशवी अडकवून. आजींनी तिथेच उभ्या उभ्या पान सोडलं, एक तुकडा तोडला, चावला.

"मीठ कमी आहे," आजी म्हणाल्या. "मेल्यापासून तुझं लक्ष नाही, कोनादू."

"मीठ मी नाही घातलं, आजी. आफ्रियेने घातलंय. मळलेलंही तिनेच आहे."

मागची रांग ऐकत होती. आफ्रिये दारामागे उभी होती, तीही ऐकत होती. आजींनी तो तुकडा चावून चावून गिळला आणि दुसरा तोडला.

"मग तिला सांग, पुढच्या वेळी अजून एक चिमूट," आजी म्हणाल्या. "आणि मला चार दे."